मामाचं नाक

४ जानेवारी

आजपासून गॅरेज. शाळा सोडली तेव्हापासून आईचं एकच — "घरात भिंती बघत बसण्यापेक्षा मामाच्या हाताखाली जा." वर्गात उभं राहून वाचायला सांगितलं की माझी दातखीळच बसायची. इथे निदान वाचायला कुणी सांगत नाही!

गॅरेज कसलं, गोदामच आहे. मालकांच्या जुन्या जुन्या गाड्या, सगळ्या पांढऱ्या चादरी पांघरून. आजारी माणसं झोपल्यासारख्या. चादर उचलली की आत लाकूड, चामडं, काथ्या. मामा म्हणाला, "सरपणच समज. त्यावर पेट्रोल." म्हणून एकही गाडी गिअरमध्ये ठेवायची नाही, हँडब्रेक ओढायचा नाही. चाकाला नुसती लाकडी पाचर. आग लागलीच तर पाचर लाथेने उडवायची आणि गाडी ढकलत बाहेर! मालक सारखे म्हणतात, "एक पेटली की सगळ्या गेल्या. अशा आता बनवतंय कोण?"

माझं काम — मामा वेल्डिंग करताना आग विझवायचा लाल सिलिंडर घेऊन उभं राहायचं. ठिणगी कुठे पडते बघायचं. काही दिसलं तर ओरडायचं.

ओरडायचं! मी!

९ जानेवारी

मोरीत नळ सोडून ओरडून बघितलं. मांजराचं पिल्लूसुद्धा याहून मोठ्यांदा ओरडतं.

१५ जानेवारी



हिरव्या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीला भोक पडलंय. मामाने टाकी काढली, सोड्याच्या गरम पाण्याने धुतली, उन्हात पालथी घातली. मग त्याची नेहमीची पद्धत — टाकीच्या तोंडाला नाक लावायचं, डोळे मिटून हुंगायचं. वास नाही म्हणजे आत पेट्रोलची वाफ नाही. मगच ज्योत. त्याने हुंगलं. म्हणाला, "स्वच्छ."

मी लांब उभी होते. मला भपकन वास आला!

तोंड उघडलं. आवाजच नाही. मामाने काळा चष्मा डोळ्यांवर घेतला, लायटर काढला — मी वाळूची बादली उचलली आणि त्याच्या अंगावर ओतली.

"डोकं फिरलं का गं तुझं?" केसांतून, कानांतून वाळू झटकत होता. मी टाकीकडे बोट दाखवलं, मग माझ्या नाकाकडे. "येतोय वास?" मी मान डोलावली. त्याने लायटर खिशात टाकला.

"दिवाळीत आलेल्या त्या तापात नाक गेलं गं माझं. सगळं गेलं. तुझ्या मामीची भाजी करपली तरी कळत नाही." मग म्हणाला, "तो एक फायदाच म्हणा." हसला. मला नाही हसू आलं. "मालकांना नको सांगूस. नाक गेलेला मेकॅनिक कोण ठेवतंय..."

मालकांना सांगायला माझ्या घशातून शब्द तर फुटायला हवा.

२२ जानेवारी

असं ठरलंय — तो हुंगायचं नाटक करतो, मागून मी खरं हुंगते. पाना फरशीवर एकदा वाजवला तर चालू दे. दोनदा — थांब. बोलायला नको, बरं झालं.

मालक म्हणाले, "पोरगी चुणचुणीत आहे हो. पण बोलत का नाही?" मामा म्हणाला, "आमच्या घरातलं सगळं बोलणं हिच्या मामीच्या वाट्याला गेलंय, हिला काही उरलंच नाही."

स्वप्नात चादरी पेटल्या. मला पाना सापडत नव्हता.

३० जानेवारी

कळलं मालकांना.

मी बाहेर पाणी भरत होते. मामा लाल गाडीच्या इंजिनावर वाकलेला. मालक दारातूनच ओरडले, "अरे, तुझ्या नाकाखाली पेट्रोल गळतंय आणि तुला पत्ता नाही?" मामाने मग सगळं सांगून टाकलं. कधी ना कधी होणारच होतं.

मालक चिडले असते तर बरं. ते एकेका गाडीच्या चादरीवरून हात फिरवत गेले. मग म्हणाले, "ही पोरगी आहे तोवर तू आहेस. हिचं नाक चालतंय तोवर तुझं काम. राग मानू नकोस, पण मी झोपायचं कसं?"

घरी येताना मामा पुढे पुढे चालत होता. कोपऱ्यावर थांबला. "तुझ्या नाकावर माझं घर आलं बघ." गमतीनेच म्हणाला.

३ फेब्रुवारी

पहाटेपासून नाक चोंदलंय. कांदा फोडून हुंगला. रॉकेलची बाटली हुंगली. काही नाही! सांगेन सांगेन म्हणत गॅरेजपर्यंत आले.

आज निळ्या गाडीची टाकी. मालक खुर्ची टाकून बसलेले. मामाने टाकी माझ्यापुढे धरली. मी नाक लावलं. गार पत्रा, बस. दोघंही माझ्याच तोंडाकडे बघत होते. मालक म्हणाले, "काय गं, करू दे ना सुरू?"

मी हो म्हणाले.

मामा म्हणाला, "दोन घास खाऊन घेतो, मग पेटवतो." मी मागच्या पायरीवर बसलेय. आत मामाच्या जेवणाच्या डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला.

अगं, लिहीत काय बसलीयस, ऊठ!