मागे घेतलेला अर्ज

साकोली,
१२ नोव्हेंबर १९८४

तीर्थरूप बाबांस,
शकुनचा नमस्कार.

आणीबाणीत तुम्हाला अटक झाली, तेव्हा तुमच्या सुटकेसाठी आईने हायकोर्टात अर्ज केला होता. कोर्टाने तो फेटाळला, असं तुम्ही अड्याळच्या प्रत्येक सभेत सांगता. न्यायालयीन पुनर्विलोकन आणि मानवी हक्कांवरच्या माझ्या प्रबंधात मीही तेच लिहिलं होतं.

परवा नागपूरला हायकोर्टातले मूळ कागद पाहिले. कोर्टाने काही फेटाळलंच नव्हतं. सुनावणीच्या चार दिवस आधी अर्ज मागे घेतला होता. खाली आईचा अंगठा होता.

आई सध्या माझ्याकडे आहे. ती तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "आई, काहून वापस घेतला तू अर्ज?"

तिने मान वर केली नाही. "ते जेलात होते तवा हातातून भांडं पडलं तरी मले भेव नाही वाटे. तू होस्टेलात होतीस, तुले काय मालूम? वकिलाले म्हटलं, राहू द्या."

बाबा, तिच्या मनगटाचं वाकडं हाड मी लहानपणापासून बघते आहे. ती विहिरीवर पडली, असं तुम्ही सांगितलं होतं. इतकी वर्षं हक्कांचा अभ्यास केला, पण तिला मी एकदाही विचारलं नाही.

आई आता अड्याळला परतणार नाही. तुम्हाला काही कळू देऊ नको, अशी शपथ तिने घातली आहे, म्हणून हे पत्र मी टाकणार नाही. तुम्हाला दुसरं पत्र येईल. त्यात तिचे गुडघे दुखतात, एवढंच लिहिलेलं असेल.

तुमची मुलगी,
शकुन