फॉर्मवरचा नंबर

अनुषा,

कुकरमध्ये भात आहे, पातेल्यातलं सारू स्वल्प गरम करून घे. मी आनेकलला तुझ्या आत्याकडे चाललोय, परवा येईन. फोन करू नकोस, मला बोलता येणार नाही.

तपासणी झाल्यावर तीन आठवडे रिपोर्ट आणायची माझी हिंमतच झाली नाही. आज गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अंकल, तो तर तेव्हाच मोबाईलवर पाठवला." नंबर बघितला, तर तुझा! फॉर्मवर "घरच्यांना माहिती देऊ नये" यापुढे मी चांगली ठळक खूण केली होती, आणि खाली, गॅसला, बँकेला देतो तसा, सवयीने तुझाच नंबर लिहून आलो. काय म्हणावं माझ्या डोक्याला!

तू जर्मनीला जाईपर्यंत तुला कळू नये, एवढ्यासाठीच तर ती खूण होती. आणि तू "अप्पा, मला तिकडची थंडी सोसायची नाही" म्हणून नोकरीला नकार कळवून मोकळी झालीस. मी चिडून दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. सारातली मिरची कमी केलीस, तर त्यावरूनही ओरडलो.

आज रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, लिव्हरपर्यंत गेलंय, आता करण्यासारखं काही नाही. जर्मनीतली तुझी जागाही कंपनीने दुसऱ्याला दिली, हे तूच सांगितलंस. म्हणजे दोन्हीकडून संपलं.

परवा आल्यावर रिपोर्टचा विषय काढू नकोस. सारात मिरची मात्र पहिल्यासारखी घाल.

अप्पा