उभी बाटली, आडवी बाटली

११ जानेवारी
उत्पादन शुल्कचे साहेब येऊन गेले. नेहमीची तपासणी. रजिस्टर, साठा, कॅमेरे, दारावरची पाटी. काही सापडलं नाही. जाताना म्हणाले, "बाई, असं नीट कोणी ठेवत नाही." बरं वाटलं.
हे वारल्यावर परमिट रूमचा परवाना माझ्या नावावर झाला तेव्हा गाव हसलं होतं. आता गल्ल्यावर मी, आत गिऱ्हाईकांना वाढायला रामदासभाऊ. पोरासोरांना आत पाय ठेवू देत नाही. वेळ झाली की शटर खाली, मग समोर सरपंच का असेना.
गजाननभाऊजींना द्यायची नाही, हेही रामदासभाऊंना बजावलंय. तो नियम सरकारचा नाही, माझा. सख्खे दीर आहेत. त्यांचं पिणं पाहवत नाही.

१९ जानेवारी
दुपारी लता आली. धाकटी जाऊ, गजाननभाऊजींची बायको. पाणी दिलं, तसंच ठेवलं. बचत गटाच्या बाया सह्या घेत फिरतायत. दारूबंदीचं मतदान मागणार. म्हणजे माझंच दुकान, गावात दुसरं आहे कुठं.
म्हणाली, "बाई, तुमची सही मागाले नाही आली. पयली सही माहीच हाय. लोकाच्या तोंडून कळू नये म्हनून आली."
"मी तर त्यायले देतच नाही, लता."
"तुमी नाही देत. दुसरा कोनी आनून देते. घरात येते ते तुमच्याच इथलं."
मी कुठला नियम मोडला, हे विचारायचं होतं.

२ फेब्रु.
ग्रामपंचायतीत सह्यांची पडताळणी. साहेब लोक टेबल टाकून बसलेले, एकेका बाईला मतदान कार्ड घेऊन बोलावणं. मी रस्त्याच्या पलीकडून पाहिलं. आमच्या शेतात निंदायला येणाऱ्या बायाही रांगेत. मला पाहून पदर पुढं ओढला. रांग सोडली नाही कोणी.

१६ फेब्रु.
आदेश निघाला. मतदान २७ ला, शाळेत. फक्त बायांचं. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी. गावातल्या एकूण बाया-मतदारांत निम्म्याहून जास्तींनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद. म्हणजे जी घरी बसली, तीही उभीच्याच कामाची.
हे प्रकाशच्या, माझ्या भावाच्या, लगेच ध्यानात आलं. चिखलीहून मुद्दाम आला. "ताई, भांडाचं काऊन? त्या दिवशी बायायले शेगावले दर्शनाले नेऊ. गाडी माही, जेवन माहं. मतंच नाही पडले तं बाटली उभीच राह्यते."
मी गप्प राहिले. त्यानं होकार धरला.

२१ फेब्रु.
झोप नीट नाही. दुकान गेलं तर रामदासभाऊ काय करणार, मी काय करणार. शेत आहे, पण ते किती. लता रस्त्यात दिसली. दोघीही खाली पाहून गेलो. एका आवारातली घरं, आणि...

२७ फेब्रु.
सकाळी पारावर गाडी लागली. बाया ठेवणीतली लुगडी, पातळं नेसून आलेल्या. सुगंधाआजी, गुडघ्यांनी चालवत नाही, तिलाही दोघींनी धरून आणलेली. माझा हात धरून म्हणाली, "सुनंदा, पुन्य लागीन तुले. मरायच्या आंधी एक डाव पाहाचंच होतं शेगाव."
साहेबांपुढं मिरवते, माझ्याकडं सगळं नियमात. आणि हे काय चाललंय.
ड्रायव्हरला म्हटलं, गाडी रिकामी परत ने. प्रकाश भडकला. "डोस्कं फिरलं का तुहं?"
"गाडी उद्या सोड."
"उद्या काय उपेग?"
"मंग देवाच्या नावानं सोडूच नको."
बोलणं बंद करून गेला. बायांना सांगितलं, आज शाळेत मत आहे, ज्याचं त्यानं ठरवा. आजीला वाईट वाटलं. तिला मी स्वतः नेईन, म्हणून सांगितलं.
मग मीही रांगेत उभी राहिले. पुढच्या बायांना वाटलं, आडवीवर मारणार. मी उभीवर मारला. खोटं काऊन लिहू. दुकान माझं आहे. पोट आहे.

संध्याकाळी तिथंच मोजणी. बाटली आडवी झाली. थोडक्यात झाली. गाडी गेली असती तर झाली नसती, हे मलाही कळतं, प्रकाशलाही. बाया गुलाल उधळत होत्या. लता भिंतीला टेकून उभी. नाचली नाही. माझ्याकडं पाहिलं, मी पाहिलं, बस.

९ मार्च
दुकान बंद करायचा आदेश हातात आला. साहेबांनी उरलेला साठा मोजून सील केला. तेच साहेब. म्हणाले, "बाई, तुमची काही चूक नाही." म्हटलं, माहीत आहे. तरी डोळे भरले. ह्यांनी उभं केलेलं.
रामदासभाऊ रिकाम्या टेबलांवरून फडकं मारत होते. सवयीनं. म्हणाले, "वयनी, कढई तं आपल्यापाशी हायच. खानावळ लावू." बघू.

१५ मार्च
गजाननभाऊजी दुपारी ओट्यावर येऊन बसले. शुद्धीत. बंद झाल्यापासून प्यायलेले दिसले नाहीत, पण हात कापतात. "वयनी, आता काय लावता इथं?" म्हटलं, ठरलं नाही. मान हलवली, गाडीला किक मारून अमडापूरकडं गेले. आज तिथला बाजार. तिथं बारही आहे.
थोड्या वेळानं लता आली. मतदानानंतर पहिल्यांदा. उंबऱ्यातच उभी.
"कोनीकडं गेले?"
"अमडापूरकडं."
"पिशी नेली का संगं?"
पिशवी असेल तर भाजीला गेले. खूप आठवलं. हँडलला काही लटकत होतं की नव्हतं. आठवेना.
"नाही पाह्यलं, लता."
ती आत येऊन बसली. मी दोघींपुरता चहा टाकला.