कोपऱ्यातला उंट

शुक्रवार, ९ मे. संध्याकाळ.
जोडी लागली. पंचांनी स्वतः फोनवर खात्री दिली: उद्या शेवटच्या फेरीत माझ्यासमोर माझीच मुलगी. जिंकेल तो बुद्धिबळ क्लबच्या टीममध्ये. जागा एकच. बरोबरी झाली तर जुना मेंबर म्हणून मी.
पांढरे मोहरे माझे. प्लॅन तयार. मधला पट तिला आंदण द्यायचा, उंट कोपऱ्यात बसवायचा, तिथून तिरका मारा. ही बाजूची ओपनिंग तिला शिकवलेली नाही. मुद्दाम नव्हे, राहून गेलं.
बायको म्हणाली, अहो, पोरीला हरवून काय मिळणार तुम्हाला? म्हटलं, तिला अनुभव मिळेल.

शनिवार. संध्याकाळ.
निकालाआधी परिस्थिती समजून घ्यायला हवी.
मधली सगळी घरं तिने बळकावली. म्हणजे प्लॅनप्रमाणेच. मग मोठ्या मनाने बरोबरी देऊ केली. नको म्हणाली. हट्टी. आईवर गेलीय.
पुढे उंट घरात जरा वाकडा दिसला. दुकानात दिवसभर चष्म्याच्या फ्रेमा सरळ करतो, हात आपोआप गेला. आधी ‘नीट करतो’ म्हणायचं असतं. मनात म्हटलं होतं. ती हळूच म्हणाली, बाबा, उंटाला हात लागला, आता उंटच हलवा.
उंट हलवला तर राजा उघडा!
पंच आले. मी सांगितलं, हात नाही, शर्टाची बाही लागली. त्यांनी तिला विचारलं, कुणी पाहिलं का? ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, जाऊ द्या सर, खेळू द्या त्यांना.
शर्ट हाफ बाह्यांचा होता. पंचांच्या लक्षात आलं नाही.
उंट जागेवरच राहिला. तरी हरलो. हॉलमध्ये फार उकडत होतं.

रविवार.
पोरगी बोलत नाही. बायको म्हणते, सॉरी म्हणा. कशाबद्दल? हरलो तर मी!
निर्णय: उद्या टीम बाहेरगावी स्पर्धेला निघतेय, बरोबर कोच म्हणून जायचं. कॅप्टनला फोन केला. म्हणाला, काका, गाडीत जागा नाही. म्हटलं, मागे बसेन, सामानाजवळ. मग म्हणाला, काका, तिनेच नको म्हटलंय.
परीक्षेचं टेन्शन असेल. परीक्षा मार्चमध्येच झाली म्हणा.

सोमवार. सकाळ.
गाडी खाली उभी आहे. बॅग मी उचलणार होतो. तिने आधीच उचलली. आईला मिठी मारली आणि जिना उतरली.
घाईत काहीतरी विसरतेच ती. परत वर येईल. दार उघडं ठेवून बसलोय.