ताकाची किटली आणि एकशे बारा

सोमवार, ६ जानेवारी
ताकानं घात केला!
मामंजींचा नवा कायदा — मी गाडी घेऊन इंदापूरला शाळेत शिकवायला निघाले की शेजारच्या सीटवर ताकाची किटली, बिनझाकणाची. "ताक सांडलं, न्हायतर दंडाचा मेसेज आला, की चावी माझ्याकडं. मग जा येष्टीनं." म्हणजे रोज पहिला तास बुडणार. नोकरी राहील कशी?
आज नव्या चौपदरीवर शंभरनं गेले, आले. थेंब हलला नाही. आणि माळेगावात, घराजवळच्या गतिरोधकावर, वीसच्या वेगात — भळ्ळकन! सीट, पर्स, सहावीच्या वह्या. मग धोका वेगात की गतिरोधकात? मामंजींना विचारलं.
"आधी सीट पूस. ह्या बारीला माफ."

मंगळवार, ७ जानेवारी
वह्या वाळल्या. वास जात नाही.

रविवार, १२ जानेवारी
मामंजी आज स्वतः सासूबाईंना घेऊन इंदापूरला नणंदेकडे जाऊन आले. किटलीसकट! आल्यावर मिशीला पीळ देत, "साठानं गेलो, साठानं आलो. थेंब न्हाय सांडला. शीक कायतरी!"
सासूबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. गाडी लागली असेल बिचाऱ्यांना.

बुधवार, १५ जानेवारी
मेले!
गाडी मामंजींच्या नावावर, दंडाचे मेसेज त्यांच्याच मोबाईलवर. पण ते चष्मा लावत नाहीत, मेसेज माझ्याकडूनच वाचून घेतात. आज वाचला — मर्यादा ऐंशी, वेग एकशे बारा, दंड. पुढचं वाचायचा धीरच झाला नाही.
"काय हाय गं?"
"चपलांची जाहिरात आहे, मामंजी."
धडधडीत खोटं!

गुरुवार, १६ जानेवारी
भीतीनं आज पन्नासनं गेले. मागच्या दुधाच्या टेम्पोनं हॉर्न वाजवून कान किटवले. उशीर अठरा मिनिटं.
पण काटीजवळ अचानक कुत्रं आडवं आलं. गाडी थांबली — हातभर अंतरावर! त्यानं शेपूट हलवलं. शंभरनं असते तर? ऐंशीची पाटी उगाच लावलेली नाही. (हे मामंजींसमोर मरेपर्यंत कबूल करणार नाही.)
खोटं मात्र पचत नाहीये. उद्या सांगते. चावी गेली तर गेली.

शुक्रवार, १७ जानेवारी
सांगण्याआधी मेसेजमधला फोटो उघडला. रविवार, बारा तारीख. स्टिअरिंगमागे मिशी! शेजारी सासूबाई — किटली दोन्ही हातांनी उंच धरून, तोंडभर हसतायत.
मामंजींनी चष्मा लावून फोटो बघितला आणि स्वतःजवळची चावी माझ्या हातावर ठेवली.
सासूबाई स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "आता मला तसं जोरात कोण नेनार गं?"