डाव्या बाजूचा मार

अण्णा,

तक्रार गंभीर आहे, म्हणून थेट तुमच्याकडेच आणली. मानपाड्याच्या गॅरेजमध्ये चहा ज्या कागदी वस्तूतून देतात तिला पेला म्हणणं हा चहाचा आणि पेल्याचा, दोघांचाही उपमर्द आहे. तुम्ही पितळी पेला काठोकाठ भरून घ्यायचात. इथे आचमनापुरता मिळतो. बसायला दिलं ते कुठल्या तरी दिवंगत गाडीचं मागचं सीट. समोर माझी गाडी, डावीकडचे दोन्ही दरवाजे पोटात गेलेली. रुग्णाच्या नातेवाइकाला शवागारात बसवून 'काय करायचं ते सांगा' म्हणावं, तसा एकूण मामला.

तीन आठवड्यांपूर्वी आम्ही दोघं ठाण्याहून, तुमच्या सूनबाईच्या बहिणीकडून, डोंबिवलीला परत येत होतो. शीळफाट्याला डावीकडून एक टेम्पो आला आणि हिच्या दारावर आदळला. हिच्या खांद्याच्या हाडाला चीर गेली. हात गळ्यात अडकवून घरभर फिरते, पोळ्या माझ्याकडून लाटून घेते, आणि त्यांना पोळ्या न म्हणता 'आजचे प्रयत्न' म्हणते. टेम्पोवाला त्या दिवशी पुन्हा पुन्हा सांगत होता, "साहेब, मी कधीपासून हॉर्न देतोय, तुम्ही बघतच नाही." मी त्याला इतक्या शुद्ध मराठीत झापलं की जमलेली माणसं माझ्या बाजूची झाली. शेवटी त्यानेच हात जोडून माफी मागितली, आणि मी ती घेतली.

विम्याचा माणूस येऊन फोटो काढून गेला. म्हणाला, केस अगदी काठावरची आहे. दुरुस्त करा नाहीतर मोडीत द्या, तुम्हीच ठरवा. तुमचा नियम आठवला. एखादं मत खोडायचं असेल तर आधी ते समोरच्यापेक्षा चांगलं मांडता आलं पाहिजे. म्हणून जेवणाच्या टेबलावर मी गाडी मोडीत काढण्याचा पूर्वपक्ष मांडायला घेतला: वय झालं, सुटे भाग मिळत नाहीत, जोडलेल्या पत्र्याचा भरवसा नाही. ही शांतपणे आमटी ओरपत होती. म्हणाली, "अहो, इंजिन ठणठणीत आहे. माझा खांदा जुळतोय, तर तिचे दरवाजे नाही जुळणार? आणि रविवारी कल्याणला आईकडे मी हा हात घेऊन रिक्षातून आदळत जाऊ का?" उत्तरपक्ष एवढाच. सभा बरखास्त.

म्हणून आज सकाळी 'दुरुस्त कर' असं सांगायला गॅरेजमध्ये गेलो. पत्र्याचे पोचे काढणारा डेंटर चाळिशीचा, त्याच भागातला, बोलायला मोकळा. म्हणाला, "थांबा काका, आधी बघू तर द्या पत्रा किती शिल्लक आहे ते." त्याच्याकडे दोरीला बांधलेलं एक लोहचुंबक आहे, फडक्यात गुंडाळलेलं. पत्रा असेल तिथे ते चिकटतं. खोक भरायला जाड पुट्टी थापली असेल तिथे सुटून लोंबकळतं. उजव्या बाजूने तो पुढून मागे गेला. टक, टक, टक. एकदाही सुटलं नाही. मग डावीकडे आला. चेपलेल्या दारांपर्यंत पोचायच्या आतच चुंबक दोनदा सुटलं, आणि त्यांच्यामागे आणखी तीनदा.

"काका, रागावू नका हां. गाडी घरात कोण चालवतं?"

"मीच. का?"

"उजवी बाजू बघा, शोरूममधून आणल्यासारखी. मार सगळा डावीकडे. आणि हा काय एका टेम्पोचा मार नाय, वर्षानुवर्षांचा आहे."

माझ्याकडे प्रत्येक पोच्याचा खुलासा तयार होता. सोसायटीचं गेट अरुंद आहे, त्यावरून मी वॉचमनला बोललोही होतो. एकदा रिक्षा घुसली होती. एकदा कोणी तरी मोटारसायकल भलत्याच ठिकाणी लावली होती. त्याने सगळं ऐकून घेतलं, चुंबक फडक्यात गुंडाळलं आणि म्हणाला, "गाडी मी उभी करून देतो, तिची काळजी नको. तुम्ही एकदा डोळे दाखवून या. मग सांगा, करू की नको."

अण्णा, तुमच्या वर्गात तुमच्या डाव्या हाताच्या रांगेला आम्ही पोरं 'अभयारण्य' म्हणायचो. तिथे डबे उघडायचे, चिठ्ठ्या फिरायच्या, आणि तुम्ही फळ्यापाशी उभे राहून उजवीकडच्या बिचाऱ्यांना ताठ बसायला सांगायचात. तुमचा मुलगा म्हणून मी पुढच्या बाकावर बसायला हवं होतं. मी अभयारण्यात बसायचो. डॉक्टरांना काचबिंदू सापडला त्याच्या कितीतरी वर्षं आधी चाळीस पोरांना ठाऊक होतं की सरांना त्या बाजूचं दिसत नाही. कोणी बोललं नाही. मीही नाही.

आणि ती स्वयंपाकघरातली सकाळ. दुधाचं पातेलं ओट्यावर आहे, भिंतीला टेकून. तुम्ही वळता, डावा कोपर लागतो, दूध फरशीभर. "काठावर कोणी ठेवलं हे? गाढवा, अक्कल कुठे ठेवतोस?" पातेलं काठावर नव्हतं. आई माझ्याकडे बघते, मी फडकं आणायला जातो. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तुम्ही तुमचा स्वतःचा संस्कृत शब्दकोश माझ्या दप्तरावर ठेवलात, एक अक्षर न बोलता. मला वाटलं, परीक्षेत पहिला आलो त्याचं बक्षीस असेल. आज त्या फाटक्या सीटवर बसून वाटलं की ती माफी होती. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का? कळलं असेल तर तुम्हीही कोणाला सांगितलं नाहीत. या बाबतीत मी तुमचा उत्तम शिष्य निघालो.

तुमच्या डॉक्टरांनी तेव्हा मलाही बजावलं होतं की हे घराण्यात उतरतं, चाळिशीनंतर दरवर्षी तपासून घ्या. मी मान डोलावली, तुमचा हात धरून जिना उतरवला आणि चाळिशी लागली तेव्हा वाचायचा चष्मा घेऊन मोकळा झालो. आता पंचावन्न संपतील.

घरी आल्यावर हिने विचारलं, "काय म्हणाला गॅरेजवाला?" मी म्हणालो, "बघून सांगतो म्हणाला." खोटं नाही, फक्त कोणी काय बघायचं ते गाळलं. डोळ्यांच्या दवाखान्याचा नंबर शोधून ठेवलाय, फोन केलेला नाही. समोर विम्याचा फॉर्म आहे, अपघात कसा झाला या रकान्यापर्यंत भरलेला. आतून हिने आत्ताच विचारलं, "काय लिहिताय एवढं?" 'फॉर्म' म्हणालो.

अण्णा, तो टेम्पो मला दिसलाच नाही. हॉर्न ऐकू येत होता, आणि तो दुसऱ्या कोणासाठी आहे असं मला वाटत होतं. गाडी दुरुस्त होईल, रविवारी ही तिच्या नेहमीच्या जागेवर बसेल, माझ्या डाव्या हाताला. तिथून काय येतंय ते मला दिसणार नाही, आणि हे तिला अजून माहीत नाही.