आग्रह झाला नाही

३ फेब्रुवारी १९६३, डहाणू

आज किनाऱ्यावर पोरं खड्डे खणत होती, खिडकीतून दिसली. बाळू पाचेक वर्षांचा असेल तेव्हा आम्ही असेच. मी कॉन्व्हेंटमधून सुट्टीला आलेली. बाबा मला उचलून ओल्या वाळूत बसवत आणि बाळू माझे पाय वाळूखाली पुरून टाकी. मग स्वतःचेही पुरी. "आता कोणालाच पाय नाहीत, ताई." भरतीचं पाणी येऊन वाळू नेईपर्यंत आम्ही तसेच, शेंगदाणे खात. विशेष काही नाही. असंच आठवलं.

उजवा पाय भरवशाचा राहिला नाही. डावा तान्हेपणीच्या तापात गेला, त्याचं दुःख केव्हाच संपलं. पण उजव्यानं आजवर दोघांचं काम केलं आणि आता न्हाणीच्या उंबऱ्याशी थरथरतो. डॉक्टर म्हणाले, "वय झालं बाई. थोडं मनाचंही असतं. चालत राहा." चालता आलं असतं तर त्यांच्याकडे कशाला गेले असते.

९ फेब्रुवारी

मुंबईहून एक मुलगी आली, दिघे बाई. समाजकार्य शिकते. संशोधन करते आहे: लहानपणापासून जी माणसं अपंग आहेत ती म्हातारपणी कशी राहतात, सुखी असतात का. हे मला कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं. इतका आनंद झाला की केस पुन्हा सोडून पुन्हा विंचरले.

शालिनीनं नेहमीप्रमाणे पाहुणी यायच्या आधीच मला खुर्चीत बसवलं आणि कुबड्या पडद्यामागे ठेवल्या. या घरात तशी रीत आहे. मी कोणाला चालताना दिसायची नाही. म्हणजे पाहुणे उठेपर्यंत हलायचंही नाही. बाळूची बायको तशी वाईट नाही. नीटनेटकी आहे, इतकंच.

प्रश्न चांगले होते. उत्तरं शालिनीनं दिली.

"झोप?"

"वन्संना छान झोप लागते."

"काही त्रास?"

"कसला त्रास? सगळं हातात देतो आम्ही."

शेवटचा मात्र मला. "तुम्हाला काही हवंय का?"

"छे, काही नको. सगळं आहे की."

आपल्याकडे पहिल्यांदा 'नको'च म्हणतात. वाढणाराही पहिलं 'नको' ऐकत नाही. ती पुन्हा विचारेल म्हणून थांबले. मनात तयार होतं: न्हाणीत धरायला भिंतीला एक दांडा, आणि संध्याकाळी किनाऱ्यापर्यंत कोणाची तरी सोबत. तिनं पान उलटलं.

पाड्यांवर जायला भाषेसाठी माणूस हवं आहे तिला. मला गुजराती येते, वारली समजते. बाळू म्हणाला, "जा की ताई. तेवढाच वेळ जाईल तुझा."

१५ फेब्रु.

जीपनं कासा, तिथून तळासरीकडे. ड्रायव्हरनं मला गोणीसारखं उचलून आत ठेवलं, पण हसत. रस्ताभर धूळ आणि पळस. किती वर्षांनी पळस जवळून पाहिला!

पाड्यावर एक म्हातारा. लहानपणी झाडावरून पडला, पाय वाकडाच जुळला. दि. बाई म्हणाली, "यांना विचारा, आयुष्यात समाधान आहे का." विचारलं. तो माझ्या बुटाच्या लोखंडी पट्ट्या पाहत होता.

"तुला कोण खावाला घालते?"

"भाऊ."

"मग मना कशाला विचारतेस?"

मी दि. बाईला सांगितलं, उत्तर दिलं नाही म्हणून.

परतताना तळासरीचाच अपंगांचा आश्रम. लांब खोली, खाटा ओळीनं. चालवणाऱ्या बाईंनी टाळी वाजवली. "सांगा बघू, इथे कसं वाटतं?" सगळे एका सुरात, "छान!" एक म्हातारी मागे राहिली, एकटीच म्हणाली, "छान." मग सगळ्यांकडून पुन्हा म्हणवून घेतलं, या वेळी नीट एकदम.

दि. बाई खूश. "सगळ्यात चांगली उत्तरं इथे मिळाली. माणूस आपल्यासारख्यांत सुखी राहतो."

आपल्यासारख्यांत.

घरी चहा घेताना तिनं हेच बाळूला सांगितलं. शा.नं तिचा कप न विचारता पुन्हा भरला.

२० फेब्रु.

मागल्या दारी जमना. वरोरची, माझ्याच वयाची. तिचाही पाय तसल्याच तापात गेलेला. एवढी वर्षं डोक्यावर पाटी घेऊन लंगडत सुके बोंबील विकायची. आता तिचाही चांगला पाय बसला. मुलाच्या सायकलवरून आली.

"सुनेनं नवं काम दिलंय गो मला. बोंबील वाळतात ना वलांडीवर, त्याच्याखाली बसवून ठेवते. कावळे हाकलायला. दिवसभर उन्हात."

"आणि तू बसतेस?"

"मग काय पळू? काल कावळा माझ्याच डोक्यावर बसला. त्यालाबी कळलं, ही काय उठत नाय."

दोघी हसलो. हसता हसता तिनं पदरानं तोंड पुसलं, डोळेही.

दि. बाई तिच्याकडेही जाऊन आली.

"काय पायजे विचारलं. मी बोलले, नवा पाय दे, नायतर नवी सून दे. लिवून घेतलंन! तू काय मागितलंस?"

"काही नाही."

"वा गो राणी. मोठ्या घरची तू. भुकेनं मरशील, पण ताट पुढं नाय करायची."

तिला गूळ दिला. सरळ घेतला, कमरेला बांधला, अजून थोडा मागितला.

२ मार्च

बोर्डीची माणसं नलूला पाहायला आली. बाळूची एकुलती एक. शा. सकाळीच म्हणाली, "वन्सं, राग मानू नका, पण आज मागच्या खोलीत. लोकांना वाटतं, घराण्यातलं आहे."

ताप होता तो. घराण्याचा काय संबंध? पण तिचंही खरं, लोकांना वाटतं.

कुबड्या तिनं बाहेर नेल्या, आवाज व्हायला नको म्हणून. तांब्या घ्यायला वाकले आणि उजवा पाय गेला. फरशीवर. बाहेर मुलाचे वडील चिकूच्या वाडीचं काही सांगत होते, बाळू हसत होता. हाक मारली असती तर जमत आलेलं मोडलं असतं.

नलू बशा न्यायला आली. दार उघडं राहिलं होतं. तिनं मला पाहिलं. नवी साडी, केसांत अबोली. किती गोड दिसत होती पोर. मी डोळ्यांनीच म्हटलं, जा. ती गेली. जाताना दार ओढून घेतलं, हळूच, कडी न वाजवता.

मला वाटलं होतं, एक पाऊल तरी आत टाकेल.

पाहुणे जेवून गेले. त्यानंतर मला उचललं. पसंती आहे.

३ मार्च

कंबर सुजली. नलूनं तेल लावून दिलं. बाटलीला बूच लावलं. मग, "आत्या, तूच जा म्हणालीस ना?"

"हो गं. मीच म्हटलं."

८ मार्च

बाळू संध्याकाळी खोलीत आला. हा फारसा येत नाही. स्टुलावर बसला, चष्मा पुसत राहिला.

"ताई, पायाचं हे वाढतच जाणार. शालिनीला आता उचलणं होत नाही. त्यात लग्न. दिघे बाई म्हणत होत्या ते तळासरीचं... तुझ्या मनात असेल तरच हं. जाशील?"

"जाईन की. मला काय, कुठेही."

म्हटलं आणि थांबले. आता म्हणेल, वेडी आहेस का ताई. आता म्हणेल, मी असं विचारलं म्हणून तू लगेच. या घरात बाबांनी पोळीवर हात आडवा धरला तरी आई बाजूनं वाढायची. उठून निघालेला पाहुणा तीनदा बसवल्याशिवाय दार ओलांडत नाही. दळण घेऊन आलेल्या बाईला सुद्धा आपण म्हणतो, थांब, चहा घेऊन जा.

बाळू म्हणाला, "बरं."

उठला. दारात थांबला. वाटलं, आता.

"खिडकी लावून घेऊ का? वारा आहे."

११ मार्च

शा. शेजारणींना सांगते, "वन्संनीच हट्ट धरला हो. आम्ही किती नको म्हटलं." भिंत पातळ आहे, मला सगळं ऐकू येतं. एक जण म्हणाली, "नशीबवान तुम्ही, इतकी समजूतदार नणंद."

कॉन्व्हेंटात सिस्टर सांगत, चांगली मुलगी मागत नाही. घरी सांगत, चांगली मुलगी पहिल्यांदा घेत नाही. दोन्हीकडे मी चांगली मुलगी होते. मला शाळेत त्याबद्दल फीत मिळाली होती, निळी.

नलूच्या लग्नाची तारीख वैशाखातली. मला त्या दिवशी आणायला गाडी पाठवतील का, विचारलं नाही. ...

१४ मार्च

दि. बाई निरोप घ्यायला आली. माझ्यासाठी बिस्किटं आणली. सगळे बैठकीत.

"तुमचा निर्णय मला फार आवडला. मी मुद्दाम लिहिलंय, यांनी स्वतःहून निवडलं."

खुर्चीचे हात घट्ट धरले. म्हटलं, "मी जाईन म्हणाले होते. पण मला जायचं नाही."

बोलले. खरंच मोठ्यानं बोलले. कोणाचा तरी कप बशीत वाजला.

शा. हसली. "वन्सं अशाच. निघायची वेळ आली की मन कातर होतं."

दि. बाईनं माझा हात थोपटला. "सुरुवातीला सगळ्यांना असंच वाटतं. महिन्याभरात रुळाल." गोड मुलगी आहे. माझ्याबद्दल तिला खरंच वाईट वाटत होतं. तिनं वही काही उघडली नाही.

बाळू भिंतीकडे पाहत होता. मला वाटतं त्यानं ऐकलं. तोच एक.

१६ मार्च

उद्या सकाळी जीप येणार. ट्रंक शा.नंच भरली. नुसते उन्हाळ्याचेच कपडे नाहीत, लोकरीची शालही घातली आहे.

बाळू दुपारपासून दोन-तीनदा दाराशी येऊन गेला. आत येत नाही. सकाळी शा. न्हायला गेली की त्याला हाक मारणार आहे. सरळ सांगणार: बाळू, मी इथून जाणार नाही. तो बरं म्हणाला तरी पुन्हा सांगणार, गप्प बसला तरी पुन्हा. जीपमध्ये उचलायला आले तरी.

तरी लिहून ठेवते, मागाहून घोळ नको.

माझी हातांची खुर्ची जमनाला. वरोरला पोचती करावी. सावलीत ठेवायची आहे, हे तिच्या सुनेला माझं नाव घेऊन सांगावं.

मोत्यांच्या कुड्या नलूला, लग्नाआधीच. त्या दुपारचं मी कोणाला बोललेले नाही, एवढं तिला कळावं.

आईचा चांदीचा पेला शालिनीला. तिला तो पहिल्यापासून आवडतो, कधी म्हणाली नाही.

इंग्रजी पुस्तकं शाळेला. वाळवी लागलेली वगळून.

बाबांचं घड्याळ बाळूला. तो नको म्हणेल. पुन्हा विचारावं.

कुबड्या कोणाला नाहीत. लागतात.

खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. तिच्यापुढे अजून कोणाचं नाव घातलेलं नाही.